मंजुरी

रात्री अकराला कलम एकशे बारा मंजूर झालं.
कूलरमधलं पाणी केव्हाच संपलेलं,
नुसती मे महिन्यातली नागपूरची हवा
खोलीभर फिरत होती.
मी लेखनिक. घामेजल्या बोटांनी
देशाच्या नावाची जागा अजून कोरी ठेवून
पुढचं पान उलटत होतो.

नव्या घटनेतला पहिला शब्द
जुन्यातूनच उचलला : आम्ही.
त्यावर चर्चा झाली नाही.

मग धानोऱ्याच्या झुरीबाई उसेंडी उठल्या.
दिवसभर बोलल्या नव्हत्या.
"तुमी त्याइच्यातून निंगाले," म्हणाल्या,
"उद्या आमाले तुमच्यातून निंगावं वाटलं
तं कोन्तं कलम आहे?"

अध्यक्ष बोपचेंनी चष्मा पुसला,
बराच वेळ पुसला.
मागच्या बाकावरून कोणीतरी :
मताला टाका, जेवण थंड होऊन राहिलं.

हात वर. बाजूने एकशे चार.
विरोधात एक,
तोही खांद्यापर्यंतच.

सीताबर्डीकडे फटाके सुरू झाले.
मी इतिवृत्तात लिहिलं : एकमताने.
मग खोडलं,
आणि पुन्हा लिहिताना
'एक' आणि 'मत' यांच्यात
जागा सोडली,
बाईंचं नाव मावेल एवढी.