स्टार्टर

ट्यूबचा स्टार्टर आणायला गेलो होतो तपकीर गल्लीत.
पाच मिनिटांचं काम.
परतताना बोहरी आळीच्या तोंडाशी
हुजेफाभाईंच्या फ्रेमच्या दुकानापुढे थांबलो,
चप्पल नीट करायला म्हणून.

धावणारे सात घोडे, बर्फातली झोपडी,
आणि त्यांच्या मधोमध काळोखात पेटल्यासारखा
एक परदेशी गुच्छ,
तीन-चारशे वर्षांपूर्वीचा. सोनेरी चौकटीत,
काचेसकट साडेनऊशे.

“कोणाचं हो हे?”
“फुलांचं,” ते म्हणाले.

पांढऱ्या गुलाबावर माशी बसली होती.
मी टिचकी मारली. उडाली नाही.
हुजेफाभाईंनी चष्मा कपाळावर चढवला, निरखून पाहिलं,
“छापतानाच आली वाटतं. शंभर कमी द्या.”

चित्रकाराने मुद्दाम काढलीय, हे मला माहीत होतं.
शंभर रुपये मी सोडले नाहीत.

स्कूटरवर दोन पायांत उभी धरून आणली.
दांडेकर पुलाच्या सिग्नलला
शेजारचा रिक्षावाला वाकून म्हणाला,
“काका, पाणी मारा, सुकतील.”

नव्या रंगाला खिळा लावायचा नाही,
असं बजावून वृंदा लेकीकडे गेली आहे, कोइमतूरला.
म्हणून दिवाणावरच टेकवली.
समोर बसून चहा प्यायलो.

ट्यूलिप, गुलाब, शेवंतीसारखं काहीतरी, द्राक्षांचा घोस.
ही सगळी एका महिन्यात फुलत नाहीत.
चाळीस वर्षं बागखात्यात काढली, एवढं कळतं.
म्हणजे तो बाबा थांबला असणार.
जे आलं ते काढलं, पुढच्याची वाट पाहिली.
शेवंती उमलली तेव्हा
ट्यूलिपचा कांदासुद्धा वाळला असेल.
फुलदाणी भरलेली होती
ती फक्त कापडावर.

आमच्याही घरात चौघं एका वेळी
शेवटचे कधी जेवलो,
आठवेना. गणपतीत? नाही, तेव्हा धाकटा नव्हता.

रात्री वृंदाचा व्हिडिओ कॉल.
कॅमेरा फिरवून दाखवलं.
ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली,
“आधी ती माशी हाकला.”
मग, “केवढ्याला?”
मग, “आणि स्टार्टर?”

स्टार्टर दुकानातच राहिला होता,
हुजेफाभाईंच्या गल्ल्याशेजारी, कागदाच्या पुडीत.

ट्यूब फडफडत होती.
गुच्छ दिसायचा, जायचा,
दिसायचा.
माशी मात्र जागची हलली नाही.