पातळ कागद

कोल्ड टिकलच्या चर्चच्या तळघरात
दर बुधवारी आम्ही वचनं रंगवतो.
आम्ही म्हणजे पाच म्हाताऱ्या आणि मी,
पाळकांची नवी बायको,
गव्हाच्या मुलखातून न्यूफाउंडलंडला आलेली,
समुद्र लग्नानंतर पाहिलेली.

बिस्किटांच्या डब्यात पेन्सिली.
टोक काढायला मासे साफ करायची सुरी,
कारण शार्पनरमध्ये शिसं मोडतं
असं एफी बजेलचं ठाम मत.
भट्टी कण्हत असते. चहात डब्यातलं दूध.
रुंद समासाचं शास्त्र मी प्रत्येकीला मागवून दिलं,
वेली काढा म्हटलं, कबुतरं काढा,
रंग अक्षरांवर गेला तरी देव रागावत नाही.
पहिले दोन बुधवार कुणी कागदाला हात लावला नाही.
नुसत्याच पेन्सिली तासत बसल्या.

जूनमध्ये खाडीच्या तोंडाशी हिमनग येऊन बसला,
त्या बुधवारी मी शेवटचं पुस्तक उघडायला लावलं.
नवं आकाश, नवी पृथ्वी,
डोळ्यांचं पाणी जिथे पुसलं जातं ते पान.
मला वाटलं, बरं वाटेल त्यांना.
एफी लगेच सोन्याच्या रस्त्याला लागली,
व्हायोलाने बारा वेशी मोजल्या, मग परत मोजल्या.

ड्रूसिला पेनी पहिल्याच ओळीवर अडली.
बोट ठेवलं. चष्मा पुसला. पुन्हा बोट ठेवलं.
"इथे लिहिलंय, समुद्र उरणार नाही."
हो, मी म्हणाले,
आणि माझं तोंड तिथेच थांबलं नाही,
म्हणजे मग कुणी बुडणार नाही.

कुणीतरी कप खाली ठेवला.
तिचा गार्लंड आणि थोरला एकाच होडीत होते,
हे मला माहीत होतं. सगळ्यांनाच असतं.
होडीच्या नावाची फळी तेवढी किनाऱ्याला लागली.
टेकडीवर दोन दगड आहेत,
दगडांखाली कुणी नाही.

"मग ते उठतील कुठून?"

व्हायोलाने मान वर न करता सांगितलं,
"अलीकडचं पान बघ.
तिथे समुद्र आपले सगळे मेलेले परत देतो."
ड्रूसिलाने पान उलटून वाचलं. ओठ हलले.
"दिले परत," ती म्हणाली,
"आणि परत देणाऱ्याला पुढच्याच पानावर
घराबाहेर काढलं?"

माझ्याकडे उत्तर होतं. पाळकांनी शिकवलेलं,
दुमडून ठेवलेल्या रुमालासारखं स्वच्छ.
मी ते खिशातच ठेवलं.

मी निळी पुढे केली. तिने डब्यात परत टाकली.
निळा उन्हाळी पाहुण्यांसाठी असतो म्हणाली.
ब्रश चहात बुडवला, सरळ स्वतःच्या कपात,
त्यात काळ्या पेन्सिलीचा भुगा, थोडा गंज,
थोडा तो हिरवा, जो काचेच्या बाटलीत असतो.
समासातून पाणी चढू लागलं.
ओळी घोट्यापर्यंत भिजल्या, मग गुडघ्यापर्यंत,
आकाश आणि पृथ्वी दोन्ही ओली झाली.
"नाही" हा एक शब्द मात्र
तिने कोरडा ठेवला.
भोवतीने लाट नेली,
बुडालेला खडक ठाऊक असलेला माणूस
होडी नेतो तशी.

पुढच्या बुधवारी तिने पान उलटलं.
शास्त्राचा कागद कांद्याच्या पापुद्र्याएवढा,
समुद्र आरपार गेला होता.
मागच्या बाजूला, राजासनापासून
ती जीवनाची नदी निघते नेमक्या तिथे,
चहाच्या रंगाचा एक डाग,
काठाशी किंचित हिरवा.
ते पान मी अजून रंगवायला दिलंच नव्हतं.

माफ करा, मी म्हणाले, कागदच पातळ आहे.
तिने ऐकलं की नाही कोण जाणे.
डागावर नाक टेकेल इतकी वाकून
ती बराच वेळ बघत राहिली,
मग सुरी उचलली.

"थोडी खारी असणार ही," ती म्हणाली.
"हिरवी दे इकडे. झाड राहिलंय."