सतरा डिस्क, धंतोली

डॉक्टर खेरडे लॅब विकून मुलीकडे चालले.
जाताना म्हणाले, ढाकाटे बाई, तेवढं एक
तुम्ही स्वतः उभं राहून करून घ्या.
तेवढं एक म्हणजे सलाईनच्या खोक्यात
सतरा हार्ड डिस्क, नव्व्याण्णव सालापासूनच्या.
भंगारवाला किलोने घेत होता, काट्यावर ठेवल्याही होत्या.
मी काटा धरून ठेवला.

तौसीफ हंसापुरीहून आला भर मे महिन्यात,
डोक्याला ओला दुपट्टा, पिशवीत ड्रिल मशीन.
मी म्हटलं, मी तर सगळं डिलीट केलंय,
रात्री बसून, एकेक.
तो हसला. "डिलीट म्हणजे काय बाई,
दारावरची पाटी काढली फक्त.
माणूस आतच बसून रायला."

पहिल्या दिवशी त्यानं ड्रिल काढलंच नाही.
ज्या फिरत होत्या त्यांना तारा जोडल्या
आणि त्यांच्यावर शून्य लिहायला बसवलं.
शून्य, शून्य, शून्य,
या कडेपासून त्या कडेपर्यंत,
एका डिस्कला अख्खी दुपार.
कूलरमधून वाळ्याचा वास,
पडद्यावर टक्के सरकायचे: अकरा. साडेअकरा.
लाइट गेली. पुन्हा पहिल्यापासून.
"आपल्या गावात तर शून्याचा खांबच हाये," तौसीफ म्हणाला,
"तिथून मैल मोजत होते म्हणे.
इथं उलटं. सगळं मोजून झालं, आता शून्य."

त्या टक्क्यांखाली कोण कोण जात होतं, मला ठाऊक होतं.
जरीपटक्याचे शेठ, साखर चारशेच्या वर,
घरी सांगायची नाही, आणि हातात पेढ्यांचा पुडा.
हिंगण्याची ती पोरगी, जिनं आडनाव विचारल्यावर
भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं
आणि कापडदुकानाचं नाव सांगितलं.
मीही तेच लिहून घेतलं.
एसटीचा एक कंडक्टर, दर तीन महिन्यांनी,
पैसे नेहमी सुटे, रिपोर्ट बंद पाकिटात.
माझ्यासमोर तो पाकीट उघडत नसे,
जणू डिंक लावणारी मी नव्हतेच.

सहा डिस्क फिरेनातच.
मी म्हटलं, या तर मेल्या, राहू दे.
"मेलेलीच जास्त बोलते बाई. बोलती करणारे लोक असतात."
चांदणीच्या तोंडाचे स्क्रू, एकेक काढून त्यानं बशीत ठेवले.
झाकणाखाली ताटली, आरशासारखी लख्ख.
मी वाकून पाहिलं.
शेठ नाही, कंडक्टर नाही,
माझंच नाक, त्यावरून घसरलेला चष्मा.

मग ड्रिल.
अॅल्युमिनियम कुरकुरत भोकं पाडून घेत होतं.
लॅपटॉपची ताटली मात्र काचेची निघाली,
एकदम फुटली, फरशीभर झाली खडीसाखर.
मी झाडू आणला. झाडताना वाटलं, विचारावं,
यातला कोणता तुकडा कोणाचा.
नाही विचारलं.

त्यानं कागद लिहून दिला: सतरा नंबर, सतरा खुणा,
खाली साक्षीदार म्हणून माझी सही.
आतून निघालेला एक चुंबकही दिला, अर्ध्या बिस्किटाएवढा.
तो घरच्या कपाटाला लावला तो निघतच नाही,
विजेचं बिल ओढलं तर फाटतं.
"आता कोणाच्या बापाला काही काढता येत नाही," तौसीफ म्हणाला.
मी मान हलवली.
अठरावीचा नंबर कागदावर नव्हता,
ती मान हलवत होती.

परवा बर्डीवर, चपलांच्या दुकानात,
हिंगण्याची ती. कडेवर मूल, शेजारी नवरा.
मला पाहून हसली आणि हसता हसता थांबली.
नवऱ्यानं विचारलं, कोण गं?
मीच म्हटलं, नाही हो,
यांना दुसरं कोणीतरी वाटलं असेल.
आणि दुकानदाराकडे वळून नंबर सांगितला. सहा.
तेवढा खरा सांगितला.