पंपापर्यंत

नव्या फोनला भोकच नाही.
तीन दिवस मी चारी कडांवरून बोट फिरवून पाहिलं.
चार्जिंगचं आहे, आवाज बाहेर पडायची जाळी आहे,
पण माझी वायर जिथे जायची
ती जागा बुजवून टाकलीय कोणीतरी.

वायर अजून खिशात आहे.
गळ्याशी निळी टेप, पिनेपाशी काळी.
उजव्या कानात आवाज यायचा तर
ती एका ठरावीक कोनात दाबून धरायची.
कोन कोणता, ते फक्त माझ्या अंगठ्याला ठाऊक.
मी लिफ्टचा मेकॅनिक,
शारजातल्या चाळीसेक इमारती वरखाली करतो
आणि माझीच वायर टेपवर चालते,
याला हसून झालंय सगळ्या कॅम्पचं.

रोल्लाच्या दुकानात कोळिकोडचा पोरगा म्हणाला,
भैया, एकोणनव्वद दिरहम, कानात घालून तर बघा.
घातलं.
आणि रोल्ला गेलं.
बस गेली, हॉर्न गेले, डोक्यावर टपकणाऱ्या एसीची टपटप गेली.
पोरगा नुसते ओठ हलवत होता.
मी माझाच श्वास ऐकत उभा,
शाफ्टच्या खड्ड्यात उतरल्यासारखा.

शाफ्टमध्ये मी डोळ्यांनी कमीच बघतो.
पोलादी दोर पुलीवरून जाताना त्याला एक स्वर असतो,
आतली एखादी तार तुटली की तो बोबडा होतो.
फोरमन मीटर लावतो, मी कान लावतो,
उत्तर बहुतेक वेळा एकच.
बावीस मजल्यांवर माणसं दोराला लोंबकळतात
आणि आत आरशात बघून भांग पाडतात.
दोरावर भरवसा, याचाच मला पगार मिळतो.
असल्या माणसानं
कशालाच न बांधलेला आवाज विकत घ्यावा?

एकोणनव्वद गुणिले तेवीस.
हा गुणाकार इथे झोपेतही होतो.
दोन हजाराच्या वर. तेवढ्यात स्वरांगीचा चष्मा येतो.
बारा दिरहमची शेपटीही होती दुकानात,
एका टोकाला नवी पिन, दुसऱ्याला जुनं भोक.
मी ती हातात घेऊन बघितली, परत ठेवली,
परत घेतली.
पोरगा दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

खरी अडचण टेकबहादूरची होती.
सकाळी पावणेपाचच्या कंपनीच्या बसमध्ये
डावं टोक त्याच्या कानात, उजवं माझ्या.
वायर हातभर, म्हणून खांद्याला खांदा.
स्वरांगी रात्री पाढे म्हणून पाठवते,
कुठे चुकली ते मी दुपारी सांगतो.
टेकबहादूर पोखऱ्याकडचा, मराठीचा गंध नाही,
पण बारापर्यंत त्याचे पाढे पाठ आहेत.
गाड्या धुताना बादल्या मराठीत मोजतो
आणि त्याचा सुपरवायझर त्याला विचारतो,
ही कुठली नेपाळी?

शेवटी घेतले. बिनवायरचे. पांढरे.
का, ते दीपश्रीनं फोनवर विचारलं
तेव्हा मला नीट सांगता आलं नाही.
मार्चमध्ये दाराच्या कडीत वायर अडकून मान ओढली गेली होती,
ते सांगितलं. तेही खरंच होतं.

आज पहिला दिवस.
एक त्याला दिला, एक मी घातला.
आता लांब बसलं तरी चाललं असतं.
तो सरकून जवळच बसला. मीही काही बोललो नाही.
स्वरांगीचा सतराचा पाढा, नाक चोंदलेलं.
तेवढ्यात त्याचा स्टॉप आला,
तो डबा उचलून उतरला
आणि माझा डावा कान घेऊन गेला.

वायर असती तर
माझी मान गेली असती त्याच्यामागे दारापर्यंत.
मला पुढच्या सिग्नलला कळलं.

दुपारी त्याचा फोन. आधी सॉरी, सॉरी.
मग म्हणाला, बस सुटली तरी चालूच होतं,
पेट्रोल पंपापर्यंत,
सतरा साती.
पुढे किती?