दुसऱ्या मजल्यावरची पावलं

रात्री साडेदहाला तासगाव रोडच्या कोल्ड स्टोरेजवरनं सुटतो.
बोटांना बेदाण्याचा चिकटा, अंगात चार अंशांची थंडी.
सायकल भिंतीला, चार्जर भिंतीला,
कानात हेडफोन घातला की आमची माणसं एकेक उगवतात,
नावापुढं हिरवा ठिपका.

धैर्यशील आधीच उडी मारून बसलेला.
कवलापूरचा. दिवसभर गॅस एजन्सीत पावत्या फाडतो,
"रांगेत या, नंबरानं या" शंभरदा म्हणतो,
आणि इथं एक दार दिसलं की त्याला थांबवत नाही.
"चला लगा, आत कोण नाय!"
आत तिघं असतात.
"मी गेलो," असं म्हणतो, जणू दुधाला गेला.

करिश्मा वायदंडे सिव्हिलला नर्स.
आम्हाला वाटलेलं, ही पट्ट्या बांधेल,
पडलेल्याला उठवेल.
"दिवसभर तेच करते," ती म्हणाली,
"मला बॉम्ब द्या."
कुंपणापलीकडं भिरकावताना असं हसते
की वॉर्डातल्या सगळ्या घंट्या
तेवढ्यापुरत्या बंद पडत असाव्यात.

तौफिक शिकलगार मिरजेत सतारींची जवारी काढतो.
घोडीवर कानशीचा एक हात, मग तार छेडून ऐकायचं,
मग परत एक हात.
खेळातही तसाच. छपरावर पालथा, बोलणं मोजकं.
"डावीकडं. दोघं. एक गवतात, एक पत्र्यावर."
बघतो तर तसंच.

आणि मी गोळा करतो.
घरात शिरलो की कपाटं, पेट्या, पोटमाळे;
मोजून भरायची सवयच हाताला.
टीम जिंको नाहीतर हरो,
माझ्या बॅगेत सतरा पट्ट्या शिल्लक.

त्या मंगळवारी शेवटच्या दोनच टीम उरल्या होत्या.
धैर्यशील पडला. रांगत होता.
"कुणीतरी या रे. निळ्या घराच्या पायरीवर."
सगळ्यात जवळ मी.
माझ्यासमोर एक पेटी, न उघडलेली.
"नेट गेलं," मी म्हणालो, "अडकलंय सगळं. हॅलो? हॅलो?"
तो पायरीवर संपला.
कुणी काही बोललं नाही. नेट काय, सगळ्यांचंच जातं.
कवलापुरात वाऱ्यानं जातं,
मिरजेत रेल्वे गेली तरी जातं.

रविवारी मामेभावाच्या साखरपुड्याला मिरजेत होतो.
तौफिकचं दुकान शोधत गेलो.
चेहरा पहिल्यांदाच बघितला:
दोऱ्यानं बांधलेला चष्मा, भुवयांवर पांढरा भुसा,
मांडीवर भोपळा.
त्यानं चहा मागवला. तार छेडली. मान हलवली,
नाही, अजून नाही.
मग वर न बघता,
"त्या दिवशी तुझं नेट गेलेलं."
"हो."
"दुसऱ्या मजल्याला लाकडी फळ्या आहेत.
चार पावलं वाजली. मग पेटीचं झाकण."
कानशीचा एक हात.
"धैर्यशीलला नाही सांगितलं."
माझ्या चहावर साय धरली होती.

त्याच रात्री तेच बेट, तेच निळं घर.
"मी गेलो," धैर्यशील म्हणाला.
दबकत जाण्यात शहाणपण होतं;
पाऊल वाजलं की माणूस मेला, एवढं पोरंसुद्धा जाणतात.
मी उभ्यानं पळालो,
फळ्यांवरनं, जिन्यावरनं, धाडधाड,
छपरावरच्या कानाला पोचेल असा.

तिसऱ्या पायरीवर मलाही लागली.
दोघं शेजारीशेजारी रांगत होतो.
"तू कशाला आलास लगा," धैर्यशील म्हणाला,
"पेटी राहिली असंल की तुझी."
वरनं तौफिक काहीच बोलला नाही.
बऱ्याच वेळानं करिश्मा म्हणाली,
"थांबा, येते.
बॉम्ब संपलेत माझे."