आठ अंश

अल्सीद दुकानात आला तेव्हा टेप आणली नव्हती,
आणला होता सापळ्याच्या दोरीचा तुकडा, तीन गाठींचा.
पहिली गाठ रुंदी, दुसरी उंची, तिसरी खोली,
सुकाणूखालच्या पोकळीची.
"यात मावेल तेवढा मोठा दे."

मी म्हणाले, मोठा म्हणजे चांगला नव्हे.
बारा इंची घेशील आणि त्याला श्वासापुरती जागा ठेवणार नाहीस,
तर तो नुसता खाकरेल.
दहा इंची घे. बंद खोकं.
भोकाचं खोकं जास्त घुमतं, कबूल,
पण खारं पाणी त्याच भोकातून आत शिरतं
आणि बिनभाड्याच्या पाहुण्यासारखं ठाण मांडतं.

घरातली गोष्ट वेगळी.
भिंती खालचा सूर परत देतात, शेजारणीच्या वाटीसारखा,
रिकामा नाही, काहीतरी घालून.
समुद्र वाटीच ठेवून घेतो.

"समुद्राचं मला सांगू नकोस," अल्सीद म्हणाला.

ऑक्टोबरभर खोकं केलं.
भुशाची फळी नको, ती दोन हिवाळ्यांत पावासारखी फुगते.
मरीन प्लाय, आतून काचतंतू, राळेचे तीन हात,
तिसरा हात रात्री अकराला,
कारण दुसरा ओला असतानाच मी त्यावर बोट ठेवलं होतं.
स्क्रू स्टेनलेस. तार कल्हईची.
फ्यूज बॅटरीपासून वीतभर, त्याहून लांब नाही.
आणि गाण्याची बॅटरी वेगळी,
नाहीतर फंडीच्या उपसागरात नाचायला भरपूर,
परत यायला काही नाही.

मेतेगानच्या धक्क्यावर, पोकळीत खोकं सरकवलं.
गाठीबरहुकूम बसलं.
त्याने फोन पुढे केला. नातीने जुन्या कॅसेटवरून उतरवलेलं:
एक फिडल, आणि खाली लाकडी फळीवर
खुर्चीत बसल्या बसल्या आपटणाऱ्या दोन टाचा.
"वाजवतोय कोण?"
"देल्फँ. भाऊ."

देल्फँ पलीकडच्याच धक्क्यावर असतो.
परवान्यावरून अठरा वर्षं बोलणं नाही.
हे अल्सीदने सांगितलं नाही; इथे कुणालाच सांगावं लागत नाही.
त्याने सांगितलं ते कानांचं.
चाळीस वर्षांच्या डिझेलने कान वरून खाल्ले,
आधी सीगल गेले, मग बायकोच्या बोलण्यातला 'स',
मग फिडल.
"पाय तेवढे राहिलेत," तो म्हणाला,
"ते तरी नीट ऐकू येऊ देत."

मी बटणाकडे हात नेला,
आणि तो म्हणाला, थांब.
होकायंत्राकडे बघत होता.

गाणं सुरूही झालं नव्हतं.
दहा इंचांच्या बुडाशी चुंबक असतं,
दिसायला भाकरीएवढं, उचलायला जात्याएवढं.
उत्तर दिशा तिथून आठ अंश सरकली होती.
हे मला ठाऊक हवं होतं. ठाऊक होतंही.
दोरीच्या गाठींत मी उंची-खोली वाचत बसले,
वर काय आहे ते विचारलंच नाही.

"प्लॉटर आहे ना तुझ्याकडे?" मी चाचरत म्हणाले.
त्याने उत्तर दिलं नाही. धुक्यात ज्याने एकदा
प्लॉटर विझलेला पाहिलाय, तो असल्या प्रश्नाला
उत्तर देत नाही.

खोकं मागे नेलं, आमिषाच्या टाकीआडच्या फळीला.
तार चौदा फूट वाढली. ती माझ्या खिशातून.
काटा मागे आला, पण सगळा नाही.
दोन अंश राहिले.
त्याने विचलनाचा तक्ता काढला, पेन्सिल ओली केली,
आकडा लिहिला, आणि कारणाच्या रकान्यात
'चुंबक' लिहायचं, तिथे लिहिलं: देल्फँ.

नोव्हेंबरचा शेवटचा सोमवार. पहाटे सहाच्या आधी
सगळ्या बोटी सापळे रचून निघाल्या.
अल्सीदच्या डेकवरून टाचा आल्या,
कानाने नाही, धक्क्याच्या लाकडातून, नडगीत.
फिडल वाऱ्याने नेलं.

पलीकडे देल्फँची बोट सुटायची होती.
तिचा दिवा बराच वेळ जागचा हलला नाही.
त्याचा अर्थ काहीही असेल.
दोर अडकला असेल.