कृपया प्रसिद्धीसाठी

महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी
रत्नागिरीत, पतपेढीच्या वरच्या खोलीत
आम्ही जमतो. सहा जणी. कधी चारच.
खाली पिग्मीवाले चिल्लर मोजत असतात.
वर आम्ही खुर्च्या गोल करतो, पंखा दोनवर ठेवतो,
म्हणजे कागद उडत नाहीत.

सुलभा पिलणकर आंबा उत्पादक संघाची.
लोबो मिशन दवाखान्याची.
वैजयंती तांडेल बंदर कंपनीत,
रुबिना मुकादम मिरकरवाड्याच्या बर्फ कारखान्यात.
मी नगरपरिषदेची:
पाणी का आलं नाही, हे सांगणं माझ्याकडे.
हुद्दा सगळ्यांचा एकच, जनसंपर्क अधिकारी.
माझ्या सासूबाई शेजारणीला सांगतात, ती फोनवर असते.

पहिल्या बैठकीत कुणी म्हणालं, आपलं जाळं तयार होतंय.
वैजयंतीने कप खाली ठेवला.
तिचे वडील हर्णैला अजून जाळी शिवतात.
"जाळं कसं असतं ते बांगड्याला विचार गो."
तो शब्द तिथेच सुटला.

काय करतो आम्ही?
कुठला संपादक नऊनंतर फोन उचलत नाही,
कुठला नऊनंतरच करतो, आणि का,
हे सांगून ठेवतो.
एकदा सगळ्यांनी आपापला पगार खरा सांगितला.
लोबोने वैजयंतीचा आकडा दोनदा विचारला,
मग बराच वेळ खिडकीतून
खालच्या स्कूटर मोजत राहिली.

यंदा मुंबईच्या एका संस्थेचा पुरस्कार रुबिनाला.
पाकिटावर नाव: श्री. आर. मुकादम.
ती हसली. पाकीट जपून ठेवलं.
बातमीही तूच लिही, ऑफिसने सांगितलं,
अशा गोष्टी तुला छान जमतात.

मसुदा घेऊन आली शनिवारी.
पहिल्या परिच्छेदात मालक, दुसऱ्यात मालकांचे वडील,
तिसऱ्यात कारखान्याची उज्ज्वल परंपरा,
शेवटी "कंपनीच्या वतीने र. मुकादम यांनी स्वीकारला".
सुलभाने वाचला.
पेटीतला डागी आंबा बाजूला काढावा
तसा तो कागद टेबलाच्या कडेला सरकवला.
"स्वतःची कुणी लिहायची नाही," म्हणाली. "आजपासून."

म्हणून मी लिहिली.

नारळी पौर्णिमेच्या आदल्या रात्री,
बोटींसाठी बर्फ फुटत असताना
अमोनियाचा वॉल्व्ह गेला.
वरून निरोप आला: किरकोळ म्हणा.
रुबिनाने निरोप ऐकून घेतला
आणि मशिदीतल्या बांगीसाहेबांना उठवलं,
मग भैरीच्या गुरवाला.
दोन्ही भोंग्यांवरून एकच वाक्य गेलं, तिने फोनवर सांगितलेलं:
ओलं फडकं नाकाला धरा, दक्षिणेकडे चालू लागा, धावू नका.
तीनशे माणसं चालत गेली, उजाडल्यावर चालत परतली.
एक म्हातारा कोंबड्याही घेऊन गेला होता.
सकाळी पत्रकारांना तिने वेळ सांगितली, एक वाजून दहा.
ऑफिसच्या कागदावर दोन होते.
त्या वर्षी तिची पगारवाढ झाली नाही.

हे शेवटचं वाक्य रुबिनाने खोडायला लावलं.
मी खोडलं. इथे ठेवलंय.

रविवारी आली बातमी, पान सात,
भरती-ओहोटीच्या वेळापत्रकाशेजारी.
म्हाताऱ्याच्या कोंबड्या छापल्या होत्या, सविस्तर.
आणि नाव, पहिल्याच ओळीत:
रुबिना मुकदम.

शुद्धिपत्रकाचं बोलायला मी फोन केला
तेव्हा ती आईजवळ बसली होती.
आईला उर्दू वाचता येतं, मराठी नाही.
यात तू कुठे आहेस, विचारत होती.
रुबिनाने तिचं बोट धरून ओळीवर ठेवलं,
आणि दुसऱ्या हातातल्या पेनाने
राहिलेला काना दिला.